शेऱ्याचा रकाना

मेडिकलच्या मागच्या गल्लीत दुपारचे दोन.
पारा पंचेचाळीस, आकाशात औषधालाही ढग नाही,
आणि मी आलेय ढगाला जोडणी द्यायला.

नंदेश्वरबाबूंनी कूलरमध्ये बादली रिती केली,
वाळ्याची ताटी काळी पडली, वास सुटला.
"बसा म्याडम. पहिले त्याले हवा लागते, आपल्याले मंग."
तो टेबलाखाली, बिस्किटी रंगाचा,
समोर मान बांधलेला टेबलफॅन;
एकोणीस वर्षांचे सिकलसेलचे पेशंट पोटात घेऊन
घुरघुरतोय.

होस्टचा पत्ता. पोर्ट. युजर.
पासवर्ड ड्रॉवरच्या तळाला, पेन्सिलनं, उलटा.
जोडणी तपासा.
चक्र फिरलं, फिरलं, वेळ संपली.
फायरवॉल म्हणजे दारातला आंधळा सासरा,
कोणाची कोण ते सांगितल्याशिवाय कडी काढत नाही.
मी ओळख कळवली पुण्याला,
पुण्यानं हैदराबादला, हैदराबाद जेवायला गेलं होतं.
आम्ही मठ्ठा प्यालो.

चारला हिरवी खूण.
परवानगी फक्त वाचायची,
लिहायची नाही, पुसायची तर नाहीच.
हे मी दोनदा सांगितलं. बाबूंनी तिसऱ्यांदा विचारलं.

अकरा हजार चारशे ब्याऐंशी ओळी वर चढल्या.
नाव, गाव, जन्मतारीख, हिमोग्लोबिन,
सगळं इंग्रजीत, सगळं जागच्या जागी.
आणि शेवटी शेरा.
शेऱ्यात कोणी खिळ्यांचा डबा सांडलेला :
पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह,
डोक्यावर टोपी घातलेले ए.

"जुना फॉन्ट हाय तो. ज्यानं विकला तो बी गेला."
पुण्याहून फोन : तो रकाना वगळा,
तसाही कुणी वापरत नाही.

वगळावर मी बाण नेला, खोटं कशाला बोलू.
तेवढ्यात बाबूंनी चष्मा कपाळावर चढवला,
पडद्याला नाक लावलं
आणि त्या खिळ्यांतून वाचायला लागले,
पेपर वाचतात तसे, सरळ :
"भिवापूर. रक्त द्याले मामा आला, बाप आला नाही.
रामटेक. दहावीचा भूमितीचा पेपर बुडाला.
ही... ही आज हसली."

"तुम्हाला येतं हे वाचता?"
"मीच तं टाइप केलं. एका बोटानं."

मग ते खूण सांगत, मी अक्षर लिहीत गेले.
पौंडाचा ख निघाला. टोपीवाल्या ए-चा म.
र्‍हस्व-दीर्घावरून थोडं भांडण झालं,
कूलरला आणखी दोन बादल्या लागल्या,
मधे वीज गेली, आली,
बाबू टेबलाखाली वाकून त्याला हात लावून आले.

सातपर्यंत सगळी बाराखडी वर पोचली.
एक ळ राहिला.
त्या फॉन्टात तो दोन तुकड्यांचा,
एक तुकडा वाटेत गळतो,
दुसरा वर कुणी ओळखत नाही.
कळमेश्वरचं क□मेश्वर झालं. गोळ्यांच्या गो□्या.
आणि चारशे सोळा ठिकाणी
एवढंच :
रात्रभर पायात क□.

मी पुण्याला कळवलं, जोडणी झाली, एक अक्षर बाकी.
पुण्यानं अंगठा पाठवला. चालेल.

बाबू किल्ल्या घेऊन उठले होते,
दारापर्यंत गेले, परत आले,
खुर्ची माझ्या लॅपटॉपपुढे ओढली.
"चारशे सोळाच हाय ना?"
त्यांच्या डेटाबेसला मला हात लावता येत नव्हता,
ही वरची प्रत मात्र माझी होती.
तर्जनी पुढे काढून ते थांबले.
"ळ कुठी हाय तुमच्याकडं?"
मी दाखवलं : ही दाबून धरायची, मग ही.

दोन बोटं लागतात.